सामाईक खोलीतली पावणी

पाहुणा येईल म्हणून घरात जी जादा खोली बांधून ठेवलीत, तिच्यात वर्षातून कितीदा कुणी झोपतं? खरं सांगा. एरवी तिथं गाद्यांची चळत, बंद पडलेलं शिलाई मशीन आणि लग्नात आलेली भांडी राहतात. ती भांडी ऐसपैस राहावीत म्हणून तुम्ही उमेदीची सगळी वर्षं हप्ते भरता. आणि ज्याला हप्ता झेपत नाही, तो माणूस तुमच्या भांड्यांपेक्षा कमी जागेत राहतो.

असली वाक्यं मी पत्रकांत लिहीत असे, अजूनही लिहिते. माझं बालपणच पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. वडील कोल्हापुरातल्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. हमालांची, भाडेकरूंची, मोलकरणींची पत्रकं त्यांच्या हातून छापून जायची. मी सुलट अक्षर शिकायच्या आधी खिळ्यातलं उलटं अक्षर वाचायला शिकले. भुतंखेतं नसतात असं सांगणारं पत्रक शाळेत असताना मी भर चौकात उभी राहून वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुमचा माझ्याबद्दल वेगळा समज व्हायला नको.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कॉलेज संपल्यावर, मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव झाले. संस्था हमाल, सूतगिरणीतले कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, टपरीवाले अशांची. यांच्यातल्या कुणाकडंही पगाराची पावती नव्हती, म्हणून कुठलीही बँक त्यांना दारात उभं करत नव्हती. आमची युक्ती साधी होती. घर महाग होतं ते माणसांमुळं नाही, एकेकट्यानं सगळं बाळगायच्या हट्टामुळं. प्रत्येकाला वेगळं स्वयंपाकघर, वेगळी मोरी, वेगळा जिना, वेगळा पाहुणा. आम्ही ठरवलं की झोपायची खोली ज्याची त्याची, बाकी सगळं मिळून एक. अठरा घरांना एक मोठं स्वयंपाकघर आणि पाळीनं स्वयंपाक. एक विहीर, धुण्याचा एक कट्टा, एक अंगण, ये-जा करायला एकच फाटक. आणि पाहुण्यांसाठी सगळ्यांत मिळून एक खोली. दोन घरांत भिंत सामाईक, म्हणजे विटा निम्म्या. रविवारी सगळ्यांनी अंगमेहनत करायची, म्हणजे मजुरीही वाचली.

लोक चौकशीला यायचे तेव्हा गमती व्हायच्या. कागलचा एक दूधवाला सगळं ऐकून म्हणाला, "सगळं सामाईक म्हणताय, मग भांडणं बी सामाईक का?"

आमचे अध्यक्ष दत्तूनाना म्हणाले, "त्येच्यासाठीच तर अंगण मोठं ठेवलंय, पावणं."

नाना म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आवाज असा की धुण्याच्या कट्ट्यावरून बोलले तरी रस्त्यावरची बस थांबावी.

जमीन मिळाली ती हातकणंगल्याच्या रस्त्याला. कधीकाळी तिथं गुऱ्हाळ होतं. ते बंद पडून किती वर्षं झाली ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. उसाचा रस आटवायच्या चुलाणाचा खड्डा आणि त्याभोवतीचं काळं पडलेलं बांधकाम तेवढं उरलेलं. आसपासचे शेतकरी भर दुपारी तिकडून जात नसत. तिथं कुणीतरी जेवायला हाक मारतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाची हाक, काय हाक, ते विचारलं की विषय बदलायचे. पण त्यापायीच जमीन पडून होती आणि आम्हाला परवडेल अशी होती. मला तर आनंद झाला. लोकांच्या भीतीनं बाजारभाव पडतो आणि न भिणाऱ्या गरिबाला जमीन मिळते, यावर मी एक झणझणीत पत्रकही लिहिलं. वडलांनी ते जुळवताना एवढंच विचारलं, "आणि भिणारा गरीब असला तर?"

जुन्या विटा हाताशी होत्या म्हणून स्वयंपाकघर चुलाणाच्या जागेवरच बांधलं. त्या स्वयंपाकघराची फरशी सकाळी, चूल पेटवायच्या आधी, पायाला कोमट लागायची. मागच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं, तिची ऊब उरत असेल, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. ते सगळ्यांना पटलंही होतं. तरी बाया चपला घालूनच आत यायच्या.

या अठरा घरांत सगळ्यात लहान घर बायाक्काचं. एकच खोली. बायाक्का इचलकरंजीला मागाच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरायची. नवरा वारलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. आधी दोघी खात्याच्याच पोटमाळ्यावर राहायच्या. खाली माग, वर सासू. मागाच्या आवाजानं म्हातारीला रात्रंदिवस झोप नव्हती. सामाईक स्वयंपाकघर म्हणजे नुसतं तत्त्व नव्हे, हे मला बायाक्कामुळं कळलं. ती खात्यात कामाच्या पाळीवर गेली की सासूला ताट मिळायचं. ती परत आली की तिला मिळायचं. आठवड्यातून एक दिवस ती सगळ्यांसाठी भाकरी थापायची, आणि बाकीचे दिवस चुलीपुढं न बसता कामावर जाऊ शकायची. त्या एका चुलीवर तिची नोकरी आणि तिचं घर, दोन्ही उभं होतं.

स्वयंपाकाचा एक नियम होता. एका माणसाचं जास्त करायचं, पाहुण्याचं म्हणून. आणि पाहुण्यांच्या खोलीचा नियम असा की ज्याचा पाहुणा, त्यानं नंतर वाकळ धुवायची. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. ती भिजली की दोघींना मिळून पिळावी लागते, म्हणून पाहुण्यापेक्षा वाकळीचीच भीती जास्त.

राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात कधीतरी, त्या खोलीत एक म्हातारी राहायला आली.

मी राहायला कोल्हापुरात, वडलांकडं, त्यामुळं मी तिला एकदाच जवळून पाहिलं. ऐन दुपारी मी पंपाच्या कामासाठी गेले होते. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आजी, कुणाकडं आलाय?"

"बस की," ती म्हणाली. "उन्हातनं आलीयास. पाणी पी आधी."

तिनं तांब्या पुढं केला. पाणी गार होतं. मी प्याले, पंपाकडं गेले, आणि आपल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही हे माझ्या ध्यानातही आलं नाही. बोलण्याच्या ढंगावरून मी तिला नानांच्या नात्यातली धरली.

तिचं कुणालाही ओझं नव्हतं. तांदूळ निवडायची, रडणारं पोर मांडीवर घ्यायची, जेवणाच्या वेळी ताट घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसायची. कोण तिला मावशी म्हणे, कोण आत्ती.

नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढतात. त्या दिवशी फाटकापासून विहिरीपर्यंत वाकळाच वाकळा पसरलेल्या असतात. मी वर्गणी मागायला गेले होते. धुण्याच्या कट्ट्यावर भांडण जुंपलेलं. चन्नव्वा, बायाक्का आणि सुलभावहिनी. चन्नव्वा सीमेकडच्या लिंगायत घरातली, नवऱ्याचं भुसारी मालाचं छोटं दुकान. सुलभावहिनी शिवणकाम करणाऱ्या. मधे पाहुण्यांच्या खोलीतली वाकळ पडलेली.

"तुझी पावणी, तू धू की," चन्नव्वा बायाक्काला म्हणत होती. "हिकडं तिकडं काय ढकलतीस?"

"माझी कुठली? ती तुझी हाय. तुझ्यासंगं कानडी बोलत न्हाई व्हय?"

"बोलती म्हून माझी झाली? मी नानांच्या सासरची समजत हुतो. नानांची बायकू निपाणीकडचीच हाय."

"आगं, मला तर मागाच्या खात्यातलं सगळं इचारायची ती. कांडी कशी भरतीस, सूत कुठनं येतं. मी म्हटलं सुलभावहिनींची हाय, त्येंचं माहेर इचलकरंजी."

सुलभावहिनी हसल्या. "माझी असती तर मी आधीच धुतली असती. तुमच्यासारखी लोळवत ठेवली नसती."

कट्ट्यावरच्या बाकीच्या बायाही हसल्या. मग एकेका घराचं नाव घेणं सुरू झालं. अमक्याची असंल. न्हाई. तमक्याची. न्हाई बाई. ओरडून घराघरातून विचारलं गेलं. प्रत्येक घरातून नाही आलं. हसणं हळूहळू कमी होत गेलं. शेवटच्या घरातून नाही आलं तेव्हा कट्ट्यावर फक्त वाकळांतून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला.

ज्याच्याशी ती बोलायची त्याला ती दुसऱ्याच्या गावची वाटायची. आणि पाहुणा कुणाचा, हे विचारणं आमच्यात उद्धटपणाचं. ते विचारलं की जेवण मोजल्यासारखं होतं. एकत्र राहायला शिकलेल्या माणसांनाच ही चूक करता येते. वेगळ्या घरात ती म्हातारी एक वेळ जेवायच्या आत उघडी पडली असती.

नानांना बोलावलं. नाना पुढं, आम्ही मागं. ती खोलीत उघड्या चटईवर बसली होती, वाकळ बाहेर नेलेली म्हणून.

"म्हातारे," नाना म्हणाले, त्यांच्या मानानं हळूच, "खरं सांग. कुणाची पावणी तू?"

ती आमच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. दारात अनोळखी माणसं आली की आपण जसं बघतो तसं.

"मी कुणाची पावणी असनार बाबा," ती म्हणाली. "तुमीच सगळी आलाईसा. कवाधरनं बघतोय, कुणाकडं आलाईसा त्ये कुणी सांगंना."

नाना एक पाऊल मागं सरले.

"ऱ्हावा की," ती म्हणाली. "पर जेवल्याबिगर जाऊ नका."

नाना मागं फिरले. आम्हीही फिरलो. जेवणाच्या वेळी चन्नव्वानं धीर करून ताट नेलं तेव्हा खोली रिकामी होती. फाटकाजवळच्या धुण्याच्या कट्ट्यावर सकाळपासून बाया वाकळा पिळत बसलेल्या. त्यांच्यासमोरून कुणीही गेलं नव्हतं.

मी शोधायची ती सगळी शोधाशोध केली. स्टेशनवर विचारलं, शेजारच्या गावांत विचारलं, पोलिसांकडं गेले. मग पत्रक काढायचं ठरवलं. वडील खिळे घेऊन बसले आणि म्हणाले, "वर्णन सांग." मी सगळ्यांकडून लिहून आणलं होतं. कुणी म्हणे नाकात नथ होती, कुणी म्हणे नाकच टोचलेलं नव्हतं. कुणी काळी म्हणे, कुणी गोरी. मी स्वतः तिच्या हातचं पाणी प्याले होते. तिचा हात मला आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. वडलांनी बराच वेळ वाट पाहिली आणि खिळे परत खणात टाकले. वडलांच्या हातून न छापलं गेलेलं ते एकच पत्रक.

गरीब, विसराळू, घरच्यांनी टाकलेली एखादी बाई असेल, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. एखाद्या वाकळीच्या आडून ती निघून गेली असेल. पण लोकांना माझं ऐकायचं नव्हतं. स्वयंपाकघरात कुणी एकटं जाईना. पंगतीत बसल्यावर लोक जेवायच्या आधी एकमेकांचे चेहरे बघायला लागले. हे मला सगळ्यात वाईट वाटायचं. ज्या माणसांनी एकमेकांच्या पोरांना न्हाऊमाखू घातलं होतं, ती आता पंगत न्याहाळत होती. एकेका घरात कोपऱ्यात स्टोव्ह दिसायला लागले. दिवाळीच्या आधी ही जागा मोडायची, स्वयंपाकघर पाडून सगळ्यांना वाटून द्यायचं, पाहुण्यांच्या खोलीचं दार विटांनी बुजवायचं, असा ठराव आला. आणणारे स्वतः नाना.

त्याचा अर्थ काय होता ते बायाक्काला सगळ्यांआधी कळलं. तिच्या एका खोलीत सासूचं अंथरूण सोडून चुलीला जागाच नव्हती. चूल मांडली तरी पेटवायची कुणी? ती पाळीवर, म्हातारी अंथरुणात. म्हणजे खोली विकायची आणि परत मागावरच्या पोटमाळ्यावर जायचं. तिनं सासूला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

सभा रविवारी सकाळी, स्वयंपाकघरातच. आत घरटी एकच माणूस, बाकीचे अंगणात. मी नुसती सचिव, माझं तिथं घर नाही, म्हणून मला मत नाही. मी बोलले मात्र. भीतीचा फायदा कोण घेतं, बिल्डर कसे टपून बसलेत, एकदा भिंती पडल्या की पुढं जमीन कशी जाते, सगळं सांगितलं. पत्रकासारखं बोलले. लोकांनी पत्रकासारखंच ऐकलं, म्हणजे घडी घालून ठेवून दिलं.

मग बायाक्का उठली.

"मला येवढं येत न्हाई बोलाय," ती म्हणाली. "ती बाई कोन हुती मला ठावं न्हाई. भूत असंल तर असंल. मला भूत परवडतंय नाना, भाडं न्हाई परवडत."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसण्यावारी न्हेऊ नगा," ती पुढं म्हणाली. "तिनं काय वाकडं केलं कुणाचं? तांदूळ निवडलं. माझ्या सासूचं केस इंचरलं. तुमी माझं घर मोडताय. मग भ्यायचं कुणाला मी?"

नाना खाली बघत म्हणाले, "बायाक्का, तुझं समदं खरं. पर माझी बायकू त्या दिसापास्नं जेवंना झालीया. मी तरी काय करू? मतं घेऊया."

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. मी मोजले. नऊ. त्यात नानांचा एक. मग विरोधातले. पुढं बायाक्का, सुलभावहिनी आणि नंतर सभासद झालेला तो कागलचा दूधवाला. मागं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या सामानाच्या खोलीच्या दाराजवळ जिथं उजेड कमी, तिथं बाकीचे. मी बोट फिरवत मोजत गेले. चेहरे मोजले नाहीत, हात मोजले. दहा.

मी आकडा मोठ्यानं सांगितला आणि सांगितल्यावर थांबले. घरं अठरा. बाजूनं नऊ, विरोधात दहा.

सगळ्यांनाच बेरीज येत होती. समान मतं पडली असती तर अध्यक्षाचं जादा मत, म्हणजे ठराव मंजूर. विरोधातला तो एक हात नसता तर स्वयंपाकघर गेलं होतं. हात आता सगळे खाली आले होते आणि मागच्या बाजूला कुणीही मान वळवून बघत नव्हतं.

"मोजण्यात चूक असेल," मी म्हणाले. "एखाद्या घरातून चुकून दोघं आत आले असतील. फेरमोजणी घेऊ या. नावं पुकारून."

मला ते म्हणणं भागच होतं. नियम जिंकताना पाळायचे नसतील तर ते हरताना कशाला पाळायचे? बायाक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतलं मला वाचता येत होतं आणि तरीही मी म्हणाले. मला त्याची लाज वाटत नाही, पण तिची ती नजर मी विसरलेही नाही.

नानांनी घाम पुसला. फरशी कोमट होती, त्या सकाळी जरा जास्तच.

"सभेला इचारतो," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला. "ज्येला परत मोजायला पायजे त्येनं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. ठरावाच्या बाजूच्या नऊ जणांपैकी एकानंही नाही. मांडीवरचा हात प्रत्येकानं दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. पुन्हा मोजलं तर तो हात कुणाचा ते कळलं असतं. कुणाचाच नाही असंही कळलं असतं. त्यापेक्षा एकत्र जेवणं त्यांना बरं वाटलं.

"झालं तर," नाना म्हणाले. "ठराव नामंजूर. सुलभावहिनी, आज पाळी कुणाची?"

"माझीच की," सुलभावहिनी म्हणाल्या आणि उठून पीठ मळायला गेल्या, सामानाच्या खोलीच्या दाराकडं न बघता.

मी सभेच्या वृत्तांतात मतं जशी मोजली तशी लिहिली आणि फेरमोजणीसाठी कुणी हात वर केला नाही तेही लिहिलं. घरं अठरा हे पहिल्या ओळीत होतंच. पुढं सहकार खात्यातून दप्तर तपासायला आलेल्या साहेबानं तो कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता सही केली. तो हातकणंगल्याचाच होता.

स्वयंपाकघर अजून चालू आहे. बायाक्काची सासू त्याच खोलीत, स्वतःच्या घरात वारली. बायाक्का अजून कांड्या भरते.

मी नंतर अशा चार-दोन वसाहती उभ्या करायला मदत केली. सगळ्या मोडल्या. कुठं सामाईक सभागृह भाड्यानं गेलं, कुठं अंगणात गाड्या आल्या, कुठं पाहुण्यांच्या खोलीला आधी कुलूप लागलं आणि मग ती विकली गेली. तिथं काही अघटित घडलं नव्हतं. साधी सभा झाली होती, निम्मे लोक आले नव्हते, आलेल्यांपैकी कुणी विरोधात हात वर केला नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन गेली ती माणसं कुणाला न दिसता निघून गेली, आणि त्यांचं वर्णनही कुणाला सांगता येणार नाही. या रिकामेपणाची मला गुऱ्हाळापेक्षा जास्त भीती वाटते.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या संस्थेची पुढची सर्वसाधारण सभा चुकवू नका. नोटीस आली की विषय वाचा. सामाईक जागा बंद करायचा, विकायचा, वाटून घ्यायचा विषय असेल तर आधी त्या जागेवर कुणाचं जगणं उभं आहे ते शोधा, त्या माणसाच्या दारी जाऊन त्याला नावानं विचारा. मग सभेत उजेडात, पुढच्या रांगेत बसा. विरोधात हात वर करा आणि मोजणारा तुमचा चेहरा नीट पाहीपर्यंत तो खाली घेऊ नका.